ठरलेल्या लांबीच्या रांगा: 'रुबी' भाषेत बायनरी माहिती कशी उलगडावी

'लता मंगेशकर' हे नाव देवनागरीत, यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या सांकेतिक पद्धतीने लिहिले, तर ते संगणकाच्या स्मृतीत ३१ बाइट व्यापते. एमपी३ गाण्याच्या फायलीला शेवटी जोडल्या जाणाऱ्या जुन्या माहितीपट्टीत गायकाच्या नावासाठी जागा असते ती बरोबर ३० बाइटांची. एक बाइट बाहेर राहतो, शेवटचा 'र' मधूनच तुटतो आणि पडद्यावर त्याच्या जागी एखादे निरर्थक चिन्ह उमटते. गाणे ऐकताना याने काही बिघडत नाही. परंतु अशा हजारो गाण्यांची सूची संगणकाकडून करून घ्यायची असेल, तर हा तुटलेला बाइट आज्ञावलीला मध्येच अडवू शकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, कोणालाही न कळता चुकीची माहिती सूचीत घालू शकतो. या अडचणीचे मूळ 'ठरलेल्या लांबीची रांग' या संगणकशास्त्रातील अतिशय जुन्या आणि आजही सर्वत्र वापरात असलेल्या कल्पनेत आहे. 'रुबी' या भाषेत अशा रांगा कशा वाचाव्यात आणि वाचताना कोणती काळजी घ्यावी, याचा हा परिचय.

मजकूर आणि बायनरी

संगणकातील फायलींचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात माहिती अक्षरांच्या रूपाने साठवलेली असते. ती कोणत्याही साध्या संपादकात उघडून वाचता येते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे बायनरी फायलीत, संख्या, अक्षरे, खुणा हे सारे कच्च्या बाइटांच्या रूपाने एकापुढे एक रचलेले असते. कोणता बाइट कशासाठी आहे हे फायलीत बहुधा लिहिलेले नसते. ते त्या फायलीच्या रचनेच्या दस्तऐवजात सांगितलेले असते. छायाचित्रे, गाणी, नकाशे, संकुचित केलेले संच हे बहुतेक सारे या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

बायनरी फायलीत एकाच जातीच्या अनेक वस्तू ओळीने ठेवायच्या असल्या, तर त्यांची संख्या वाचणाऱ्याला कळण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की संख्या आधीच कायमची ठरवून टाकायची: नावाला ३० बाइट म्हणजे ३०च, नाव लहान असले तरी उरलेली जागा शून्यांनी किंवा मोकळ्या जागेने भरायची. दुसरा मार्ग म्हणजे रांगेच्या आधी तिची लांबी लिहायची. तिसरा मार्ग म्हणजे रांग संपल्याची खूण शेवटी ठेवायची.

पहिला मार्ग ओळखीचा वाटावा असाच आहे. सरकारी अर्जात नावाच्या एकेका अक्षरासाठी चौकोन आखलेले असतात. नाव छोटे असेल तर चौकोन रिकामे राहतात, मोठे असेल तर अर्जदाराची पंचाईत होते. संगणकाच्या बाबतीत मात्र या पद्धतीचा मोठा फायदा होता. प्रत्येक नोंद सारख्याच लांबीची असली, की हजारावी नोंद शोधण्यासाठी आधीच्या ९९९ नोंदी वाचाव्या लागत नाहीत. एका गुणाकाराने तिची जागा कळते. स्मृती तुटपुंजी आणि चकत्या मंद होत्या त्या काळात हा फायदा निर्णायक ठरला. शिवाय 'सी' भाषेत अशी रचना थेट लिहिता येत असे. त्यामुळे १९७० ते १९९० या दशकांत जन्मलेल्या अनेक फाइल-रचना याच साच्याच्या आहेत.

रुबी आणि 'अनपॅक'

'रुबी' ही जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी घडवलेली भाषा. तिची पहिली सार्वजनिक आवृत्ती डिसेंबर १९९५ मध्ये बाहेर आली. रुबीतील रांग, म्हणजे 'ॲरे', ही मुळातच लवचिक आहे. तिच्यात कधीही भर घालता येते, तिच्यातून काहीही काढता येते, आणि तिच्यात संख्या व अक्षरे एकत्र नांदू शकतात. 'सी' भाषेतील रांगेप्रमाणे 'मी १६ घरांचीच आहे' असे बंधन ती स्वतःवर घालून घेत नाही. साहजिकच, फायलीतील ठरलेली लांबी पाळण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर येते. या लेखातील बहुतेक सगळ्या चुकांचे उगमस्थान हेच आहे.

कच्चे बाइट उलगडण्यासाठी रुबीने 'पर्ल' भाषेकडून 'अनपॅक' ही सोय घेतली. बाइटांच्या माळेला 'अनपॅक' सांगायचे आणि सोबत एक छोटासा साचा द्यायचा. साच्यातील प्रत्येक रोमन अक्षर एका प्रकारच्या वस्तूसाठी असते. मोठा 'सी' म्हणजे एका बाइटाची धन संख्या. लहान 'एन' आणि मोठा 'एन' म्हणजे अनुक्रमे दोन व चार बाइटांच्या, मोठा भाग आधी लिहिलेल्या संख्या. लहान 'व्ही' आणि मोठा 'व्ही' म्हणजे त्याच लांबीच्या, पण लहान भाग आधी लिहिलेल्या संख्या. मोठा 'ई' म्हणजे आठ बाइटांची, लहान भाग आधी असलेली दशांश संख्या. अक्षरापुढे आकडा लिहिला की तितक्या वस्तू वाचल्या जातात, आणि आकड्याऐवजी तारांकन लिहिले की माळ संपेपर्यंतच्या सर्व. म्हणजेच 'मोठा व्ही, १६' एवढे लिहिले की १६ संख्यांची ठरलेल्या लांबीची रांग हाती येते.

मोठा भाग आधी की लहान, हा प्रश्न किरकोळ नाही. ९९९४ ही संख्या चार बाइटांत मोठा भाग आधी ठेवून लिहिली आणि उलट क्रमाने वाचली, तर ती १७,०३,२८,०६४ अशी दिसते. साच्यात मोठा 'एल' किंवा मोठा 'एस' लिहिल्यास हा क्रम आज्ञावली ज्या यंत्रावर चालते त्यावर अवलंबून राहतो. म्हणून फाइल वाचताना क्रम स्पष्ट सांगणारी अक्षरेच वापरावीत, हा पहिला नियम.

फाइलही बायनरी पद्धतीनेच उघडावी. विंडोजवर मजकूर म्हणून उघडलेल्या फायलीत ओळ संपल्याच्या खुणांची अदलाबदल होते, आणि एक बाइट जरी कमी झाला तरी पुढची सगळी घरे सरकतात. रुबीत त्यासाठी 'बिनरीड' ही स्वतंत्र सोय आहे.

नकाशाच्या फायलीचा मथळा

नकाशांच्या क्षेत्रात 'एसरी' या कंपनीची 'शेपफाइल' ही रचना सर्वपरिचित आहे. तिचा तांत्रिक आराखडा १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गावांच्या सीमांपासून नद्यांपर्यंतची माहिती आजही या रूपात देवाणघेवाणीस येते. तिच्या आरंभीचा मथळा बरोबर १०० बाइटांचा असतो, आणि ठरलेल्या लांबीच्या रांगांचा तो उत्तम नमुना आहे.

मथळ्यात प्रथम ९९९४ ही ओळखीची संख्या असते. नंतर पाच न वापरलेल्या संख्यांची रांग, मग फायलीची लांबी. या सातही संख्या मोठा भाग आधी असलेल्या. त्यानंतर आवृत्तीचा क्रमांक, जो नेहमी १००० असतो, आणि आकृतीचा प्रकार. या दोन संख्या लहान भाग आधी असलेल्या. शेवटी नकाशाची व्याप्ती सांगणाऱ्या आठ दशांश संख्यांची रांग. हे सारे रुबीत तीन तुकड्यांच्या साच्यात मावते: मोठा 'एन' ७, मोठा 'व्ही' २, मोठा 'ई' ८. बेरीज करून पाहावी: २८ अधिक ८ अधिक ६४, म्हणजे १००. साच्याची बेरीज आराखड्यातील लांबीशी जुळवून पाहण्याची ही सवय पुष्कळ मनस्ताप वाचवते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. 'अनपॅक'चे उत्तर नेहमी सपाट असते. वरच्या साच्याने १७ संख्यांची एकच लांबलचक रांग मिळते. त्यातील पाच निरुपयोगी संख्या कोणत्या, व्याप्तीची रांग कुठून सुरू होते, हे रुबीला ठाऊक नसते. साच्यातील रांगांच्या सीमा उत्तरात पुसल्या जातात, त्या लिहिणाऱ्याने पुन्हा आखायच्या असतात. नको असलेले बाइट ओलांडण्यासाठी साच्यात लहान 'एक्स' वापरता येतो. पाच संख्या वाचून फेकून देण्यापेक्षा 'एक्स, २०' लिहिणे अधिक स्वच्छ.

मथळ्यातील लांबीही जपून वाचावी लागते. ती बाइटांत नव्हे, तर दोन-दोन बाइटांच्या जोड्यांत मोजलेली असते. तिची दुप्पट करून फायलीच्या खऱ्या आकाराशी ताडून पाहिले, की फाइल अर्धवट उतरवली गेली आहे काय हे पहिल्याच क्षणी कळते.

रांगांची रांग

याच फायलीत बहुभुज आकृतीची प्रत्येक नोंद आपले भाग किती आणि बिंदू किती हे आधी सांगते, आणि मग त्या लांबीच्या दोन रांगा येतात. प्रत्येक बिंदू म्हणजे दोन दशांश संख्या, एकूण १६ बाइट. 'अनपॅक' सर्व बिंदूंच्या संख्या एका सपाट रांगेत देतो. रुबीतील 'ईच स्लाइस' या सोयीने त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या करता येतात.

जोड्या करताना सुरुवात एका घराने जरी चुकली, तरी कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. रेखांशाच्या जागी अक्षांश बसतो, इतकेच. मुंबई सुमारे ७२.८ पूर्व रेखांश व १९ उत्तर अक्षांशावर आहे. हे दोन आकडे उलटसुलट झाले, तर ती नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते. म्हणून नोंदीची लांबी आधीच पडताळावी. बहुभुजाच्या नोंदीत ४४ बाइटांचा स्थिर भाग, प्रत्येक भागासाठी चार आणि प्रत्येक बिंदूसाठी १६ बाइट असतात. ही बेरीज नोंदीच्या आरंभी दिलेल्या लांबीशी जुळली नाही, तर पुढे वाचूच नये. 'ईच स्लाइस' शेवटचा गट अपुरा असला तरी तो निमूटपणे देतो, हेही ध्यानात असावे.

नकाशासोबत येणारी माहितीची सारणी 'डीबेस' या जुन्या प्रणालीच्या रचनेत असते. तेथे प्रत्येक स्तंभाचे वर्णन ३२ बाइटांच्या एका नोंदीत बसवलेले आहे: नावाला ११ बाइट, प्रकाराला एक, चार बाइट अंतर्गत वापरासाठी, लांबीला एक, दशांश स्थळांना एक आणि १४ राखीव. स्तंभ किती हे थेट लिहिलेले नसते. मथळ्याच्या एकूण लांबीतून आरंभीचे ३२ बाइट आणि शेवटच्या खुणेचा एक बाइट वजा करून ३२ ने भागले, की ती संख्या मिळते. भागाकार निःशेष झाला नाही तर फायलीत काहीतरी गडबड आहे. आणखी एक पडताळा येथे फुकट मिळतो. सर्व स्तंभांच्या लांबींच्या बेरजेत खोडलेल्या नोंदीच्या खुणेचा एक बाइट मिळवला, तर मथळ्यात सांगितलेली एका नोंदीची लांबी यायला हवी. ठरलेल्या लांबीच्या रचनांचे हे वैशिष्ट्य आहे. त्या कडक असतात, पण स्वतःची साक्ष स्वतः देतात.

अक्षरांच्या रांगा आणि तीन पर्याय

मजकुराची रांग वाचताना रुबी तीन पर्याय देते, आणि त्यांतील फरक न समजल्याने होणाऱ्या चुका सर्वाधिक आहेत. लहान 'ए' सर्व बाइट जसेच्या तसे देतो, शेवटच्या शून्यांसह. मोठा 'ए' शेवटची शून्ये आणि मोकळ्या जागा छाटून देतो. मोठा 'झेड' पहिल्या शून्यापाशी थांबतो आणि त्यापुढचे सारे टाकून देतो.

बाकीच्या जागेत शून्ये भरणाऱ्या रचनेला 'झेड' योग्य, मोकळ्या जागा भरणाऱ्या रचनेला मोठा 'ए' योग्य. काही जुन्या आज्ञावल्या पहिल्या शून्यानंतर उरलेल्या घरांत आधीचा कचरा तसाच ठेवत. तेथे मोठा 'ए' वापरला तर तो कचराही नावाला चिकटून येतो. 'झेड'पुढे आकडा असला तर रुबी पहिल्या शून्यापाशी मजकूर तोडते, परंतु पुढे सरकते ती आकड्याइतकी पूर्ण घरे. 'झेड'पुढे तारांकन लिहिले, तर मात्र ती त्या शून्याच्या लगेच पुढे थांबते. ठरलेल्या लांबीच्या घरासाठी तारांकन वापरले, की त्यानंतरचे प्रत्येक घर चुकीच्या जागी वाचले जाते.

आरंभी उल्लेखलेली गाण्याची माहितीपट्टी या संदर्भात बोलकी आहे. 'आयडी३' या नावाने ओळखली जाणारी ही पट्टी १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी सुचवली. फायलीच्या अगदी शेवटी १२८ बाइट: 'टॅग' ही तीन रोमन अक्षरे, गाण्याचे नाव ३०, गायक ३०, संग्रह ३०, वर्ष चार, टिप्पणी ३० आणि प्रकाराचा एक बाइट. रुबीत फायलीच्या अखेरीपासून १२८ बाइट मागे जाऊन ती वाचता येते.

१९९७ मध्ये या पट्टीत एक युक्ती आली. टिप्पणीच्या ३० घरांपैकी २९ वे घर शून्य असेल आणि ३० वे शून्य नसेल, तर ३० वे घर म्हणजे संग्रहातील गाण्याचा क्रमांक. टिप्पणी 'झेड' वापरून वाचली, तर हा क्रमांक कायमचा हरवतो. मोठ्या 'ए'ने वाचली, तर शून्यांची माळ आणि क्रमांक टिप्पणीला चिकटतात. योग्य मार्ग एकच: लहान 'ए'ने पूर्ण ३० बाइट घ्यावेत, शेवटची दोन घरे तपासावीत, आणि मगच उरलेल्या भागातून मजकूर काढावा. घराचा अर्थ निश्चित होण्याआधी त्यातील काहीही फेकू नये.

देवनागरीची अडचण

रोमन लिपीत 'लता मंगेशकर' हे नाव १५ बाइटांत बसते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. त्यामुळे ३० बाइटांच्या घरात देवनागरीची दहाच चिन्हे मावतात. 'आशा भोसले' २५ बाइटांत सामावते, 'सुधीर फडके' २८ बाइटांत. 'भीमसेन जोशी' मात्र 'लता मंगेशकर'प्रमाणेच ३१ बाइटांचे होऊन एका बाइटाने अडकते. 'किशोरी आमोणकर' तर ३७ बाइट मागते. नकाशाच्या सारणीत अडचण आणखी तीव्र होते. स्तंभाच्या नावासाठी तेथे प्रत्यक्षात दहाच बाइट हाती येतात, म्हणजे देवनागरीची तीन चिन्हे. 'गाव' हा स्तंभ बसतो, 'तालुका' हा 'ताल' होतो आणि 'लोकसंख्या' ही नुसतीच 'लोक' उरते. त्यापुढे चौथ्या चिन्हाचा एक अनाथ बाइट लोंबकळत राहतो.

रुबीच्या १.९ या आवृत्तीपासून प्रत्येक मजकूर आपली सांकेतिक पद्धती सोबत बाळगतो. 'अनपॅक'मधून लहान 'ए', मोठा 'ए' वा 'झेड'ने आलेला मजकूर मात्र 'बायनरी' असा शिक्का घेऊन येतो. तो यूटीएफ-८ आहे हे 'फोर्स एन्कोडिंग'ने सांगावे लागते. या आज्ञेने बाइट बदलत नाहीत, शिक्का तेवढा बदलतो. त्यानंतर 'व्हॅलिड एन्कोडिंग' ही विचारणा केली, की मजकूर शाबूत आहे काय याचे उत्तर मिळते. तुटलेला असल्यास 'स्क्रब' ही सोय तुटके बाइट काढून टाकते किंवा त्यांच्या जागी खूण ठेवते. ती रुबीच्या २.१ या आवृत्तीत, २०१३ च्या अखेरीस आली.

तुटकी नावे वाचण्यापेक्षा ती तुटू न देणे केव्हाही श्रेयस्कर. माहिती लिहिताना 'पॅक' ही उलट दिशेची सोय वापरतात. 'लहान ए, ३०' असा साचा दिला, की ती ३० बाइटांनंतरचा मजकूर काहीही न बोलता कापते, मग चिन्ह मधूनच का तुटेना. केवळ चिन्हांच्या सीमेवर कापणेही पुरेसे नाही. 'जिल्हा' हा शब्द हलन्तानंतर तुटला, तर बाइट वैध राहतात, पण 'जिल्' असे अर्धवट रूप उरते. २.५ आवृत्तीपासून रुबीत मजकुराचे दृश्य अक्षरांच्या गटांत विभाजन करण्याची सोय आहे. असे गट एकेक करून जोडत जावेत आणि बाइटांची मर्यादा ओलांडण्यापूर्वी थांबावे. जोडाक्षरे सर्व आवृत्त्यांत एकाच गटात धरली जातीलच असे नाही. म्हणून गटाच्या शेवटी हलन्त उरला तर तो गट वगळणे हिताचे. येथे लांबी मोजायची ती 'बाइटसाइझ'ने. 'लेंग्थ' चिन्हे मोजते, घरे नव्हे.

न बोलणारी त्रुटी

माहिती अपुरी पडली तर काय होते, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पाच बाइटांची रांग मागितली आणि फायलीत तीनच शिल्लक असले, तर रुबी तक्रार करत नाही. ती तीन संख्या देते आणि उरलेल्या दोन जागी 'निल', म्हणजे 'काही नाही', ठेवते. मजकुराच्या बाबतीत तर तेही नाही. ३० बाइट मागून १२च असले, तर १२ बाइटांचा मजकूर येतो. फायलीतून ठरावीक बाइट वाचण्याची 'रीड' ही आज्ञादेखील अखेरीस कमी बाइट देते, किंवा काहीच उरले नसेल तर 'निल' देते. 'एक्स'ने पुढे सरकताना माळ संपली, तर मात्र रुबी त्रुटी दाखवते.

याचा परिणाम असा की चूक जिथे झाली तिथे दिसत नाही. 'निल' घेऊन आज्ञावली पुढे जाते आणि दूरवर कुठेतरी बेरीज करताना कोसळते. त्यावरचा उपाय साधा आहे. ठरलेली लांबी वाचणारे एक छोटे कार्य लिहावे: ते मागितलेले बाइट वाचेल, 'बाइटसाइझ' तपासेल, आणि कमी आढळल्यास कोणत्या जागी किती बाइट हवे होते व किती मिळाले हे सांगून थांबेल. संपूर्ण आज्ञावलीत फायलीला हात लावण्याचा अधिकार या एका कार्यालाच असावा.

फायलीवर किती विश्वास ठेवावा

रांगेची लांबी फायलीतूनच येत असेल, तर प्रश्न केवळ अचूकतेचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो. चार बाइटांच्या धन संख्येत ४२९ कोटींहून मोठा आकडा मावतो. शंभर बाइटांच्या फायलीने 'माझ्यात ४०० कोटी घटक आहेत' असे खोटेच सांगितले आणि तो आकडा जसाच्या तसा साच्यात घातला, तर रुबी रिकाम्या जागा 'निल'ने भरत राहील आणि संगणकाची स्मृती संपेल. म्हणून घटकांची सांगितलेली संख्या गुणिले एका घटकाचे बाइट हे उरलेल्या बाइटांपेक्षा जास्त असेल, तर वाचन तिथेच थांबवणे हा दुसरा नियम.

ही भीती काल्पनिक नाही. २०१४ साली उघडकीस आलेल्या 'हार्टब्लीड' या दोषात 'ओपनएसएसएल' ही प्रणाली समोरून आलेल्या लांबीवर विश्वास ठेवत होती आणि ६४ किलोबाइटांपर्यंतची खाजगी स्मृती परक्यांच्या हाती देत होती. रुबीच्या जगातही २०१८ मध्ये अशा दोन घटना घडल्या. रुबीची तयार साधने 'जेम' या रूपात वाटली जातात आणि जेम म्हणजे प्रत्यक्षात 'टार' या जुन्या रचनेची फाइल. टारच्या ५१२ बाइटांच्या मथळ्यात फायलीच्या नावाला १०० आणि आकाराला १२ बाइटांचे घर असते, व आकार अष्टमान पद्धतीच्या अंकांत लिहितात. त्या घरात ऋण संख्या लिहिली, तर 'रुबीजेम्स' ही प्रणाली कधीही न संपणाऱ्या फेऱ्यात अडकत असे. घर १२ बाइटांचेच होते, साचाही बरोबर होता. त्यातून निघालेली संख्या शक्य कोटीतील आहे काय, एवढेच तपासले जात नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये खुद्द 'अनपॅक'मधील दोष दुरुस्त करण्यात आला. साच्यात जागा दाखवणाऱ्या खुणेपुढे अवाढव्य आकडा दिला, तर तो ऋण समजला जाऊन मजकुराच्या आधीची स्मृती वाचली जाण्याची शक्यता होती. साचा स्वतः लिहिलेला असला तर धोका नाही. साच्यातील आकडा बाहेरून आलेला असला, की धोका आहे.

तयार साधने

रचना मोठी आणि गुंतागुंतीची असेल, तर साच्यांची अक्षरे वाचणे कठीण होते. अशा वेळी 'बिनडेटा' हे जेम उपयोगी पडते. त्यात रचना शब्दांत मांडता येते: अमुक नावाचा ३० बाइटांचा मजकूर, तमुक नावाची १६ संख्यांची रांग. रांगेची आरंभीची लांबी, किंवा कोणती अट पुरी होईपर्यंत वाचायचे, हे तेथेच सांगता येते. लांबी आधीच्या एखाद्या घरावर अवलंबून असेल, तर त्या घराचे नाव देता येते. शिवाय घरांना नावे मिळत असल्याने सपाट रांगेतील सीमा पुन्हा आखाव्या लागत नाहीत. 'काइताय स्ट्रक्ट' हे साधन एक पाऊल पुढे जाते. त्यात रचना एका स्वतंत्र भाषेत लिहिली, की तिच्यावरून रुबीसह अनेक भाषांतील वाचक आपोआप तयार होतात.

एखाद्या लहान, न बदलणाऱ्या मथळ्यासाठी मात्र 'अनपॅक' पुरेसा आहे, आणि वेगाने तोच सरस ठरतो. २.४ आवृत्तीपासून एकच वस्तू हवी असल्यास 'अनपॅक१' वापरता येतो, आणि ३.१ आवृत्तीपासून दोहोंना वाचनाचा आरंभ कोठून करायचा हे सांगता येते. त्यामुळे मोठ्या माळेचे तुकडे करत बसावे लागत नाही.

साधन कोणतेही असो, पडताळणी टळत नाही. साच्याची बेरीज आराखड्याशी जुळावी, हाती आलेले बाइट साच्याइतके असावेत, फायलीने सांगितलेली संख्या उरलेल्या जागेत मावावी, आणि मजकूर वैध आहे याची खात्री व्हावी. या चार तपासण्यांना रुबीत दहा-बारा ओळींपेक्षा अधिक लागत नाही. ३० बाइटांची घरे आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे देवनागरी नव्हती, आणि ती घरे आता बदलता येणार नाहीत, कारण त्यांत भरलेली गाणी, नकाशे आणि नोंदी जगभर पसरलेल्या आहेत. 'आयडी३'च्या १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीने प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी आणि सांकेतिक पद्धती लिहिण्याची सोय केली, आणि तेव्हापासून 'लता मंगेशकर' हे नाव पूर्ण लिहिता येते. जुन्या पट्ट्या मात्र जशा आहेत तशाच वाचाव्या लागतील. त्यातील हरवलेला ३१ वा बाइट परत मिळणार नाही, पण तो हरवला आहे हे नीट लिहिलेली आज्ञावली निश्चितपणे सांगू शकते.